जनरल होण्याचे वय

३० एप्रिल २०२२ रोजी जनरल मनोज नरवणे यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रे जनरल मनोज पांडे यांच्याकडे दिली. एका मराठी माणसाकडून दुसऱ्या मराठी माणसाकडे हे पद गेले, आणि त्याच वेळी हवाई दलाचे प्रमुख होते मूळचे नांदेड जिल्ह्यातले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी. महाराष्ट्राने कौतुक केले, ते योग्यच होते. त्या कौतुकात मात्र तारखांचा एक तपशील मागे राहिला. पांडे यांचा जन्म ६ मे १९६२ चा. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो, आणि ज्या महिन्यात साठ पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस वर्दी उतरते. म्हणजे ३१ मे २०२२ ला पांडे सेवानिवृत्त झाले असते. लष्करप्रमुखाला बासष्ट वर्षांचे वय किंवा तीन वर्षांचा कार्यकाळ, यांतले जे आधी संपेल ते लागू होते. नरवणे यांचा जन्म २२ एप्रिल १९६० चा असल्याने खुर्ची एप्रिलअखेर रिकामी झाली. तीच जूनमध्ये रिकामी झाली असती, तर इंजिनिअर्स कोअरमधून आलेले पहिले लष्करप्रमुख म्हणून आज ज्यांचे नाव घेतले जाते, ते एक कर्तबगार लेफ्टनंट जनरल म्हणून नागपूरला परतले असते.

याचा अर्थ पांडे यांना ते पद नशिबाने मिळाले असा कोणी काढू नये. पल्लनवाला भागात ‘ऑपरेशन पराक्रम’च्या काळात इंजिनिअर रेजिमेंटचे नेतृत्व, नियंत्रण रेषेवर पायदळाची ब्रिगेड, पश्चिम लडाखमध्ये पर्वतीय डिव्हिजन, ईशान्येत कोअर, मग अंदमान-निकोबार कमांड आणि पूर्व कमांड एवढा रस्ता चालून ते तिथवर आले. पण हा सगळा रस्ता वेळेत चालून होणे ही त्यातली पहिली अट होती. लष्करात वर जायला काय लागते असे विचारले की शौर्य, नेतृत्व, शिस्त, चारित्र्य ही उत्तरे येतात. ती खोटी नाहीत. तरी माझे म्हणणे असे की ज्येष्ठ पदापर्यंत कोण पोहोचणार याचा मोठा भाग उमेदवार सोळा-सतरा वर्षांचा असतानाच ठरून जातो, कारण बढत्यांची ही शिडी वर्षांनी बांधलेली आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीसारख्या गावासाठी हे समजणे फार महत्त्वाचे आहे. तिथल्या मुलामुलींत धाडस, चिकाटी, काटकपणा यांची वाण नाही. वेळेवर पोहोचणाऱ्या माहितीची आहे.

आधी शिडी समजून घेऊ. लष्करात अधिकारी होणे म्हणजे कमिशन मिळणे. कमिशन मिळाले की लेफ्टनंट. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींनंतर या बढत्या कालबद्ध झाल्या. परीक्षा उत्तीर्ण असेल, तब्येत आणि नोंदी ठीक असतील, तर इथवर बहुतेक सगळे पोहोचतात. खरी चाळणी कर्नलपदापासून लागते. साधारण पंधरा-सोळा वर्षांच्या सेवेनंतर ‘नंबर तीन’ निवड मंडळ एका बॅचच्या सगळ्यांना तपासते. त्यातून निवडले गेलेले कर्नल होऊन पलटणीचे नेतृत्व करतात. पंचवीस वर्षांच्या आसपास सेवा झाली की ‘नंबर दोन’ मंडळ ब्रिगेडियर निवडते, सेवेची तीस वर्षे ओलांडल्यावर ‘नंबर एक’ मंडळ मेजर जनरल निवडते, आणि शेवटी विशेष मंडळ लेफ्टनंट जनरल. प्रत्येक मंडळापुढे अधिकाऱ्याला तीन संधी असतात, पण पुढच्या दोन संधींत निवड झाली तरी तो आपल्या बॅचच्या मागे पडलेला असतो. भूदलात अधिकाऱ्यांची मंजूर पदे पन्नास हजारांच्या आसपास, आणि लेफ्टनंट जनरल शंभराच्या आसपास. नाकारल्या गेलेल्यांपैकी कितीतरी जण उत्तम अधिकारी असतात. जागाच नसते, एवढाच त्यांचा दोष.

आता या शिडीला निवृत्तीच्या वयाचे कुंपण आहे. कर्नल चौपन्नाव्या वर्षी, ब्रिगेडियर छप्पन्नाव्या, मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या, लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. वरची पायरी त्या वयाच्या आत हाताला लागली नाही तर खेळ तिथे संपतो. नरवणे जून १९८० मध्ये अधिकारी झाले, वयाच्या विसाव्या वर्षी. पांडे डिसेंबर १९८२ मध्ये, तेही विसाव्या वर्षी. दोघांनाही प्रमुखपदापर्यंत यायला एकोणचाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. ही बेरीज कागदावर मांडून पाहावी. विसाव्या वर्षी सुरुवात केली तर एकोणसाठ. पंचविसाव्या वर्षी केली तर चौसष्ट. चौसष्टाव्या वर्षी भारतात कोणीही सेवेतला लेफ्टनंट जनरल नसतो. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा देऊन डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत जाणारा उमेदवार बावीस-चोवीस वर्षांचा होऊन बाहेर पडतो. त्यांतले कितीतरी जण ब्रिगेडियर, मेजर जनरल होतात, काही त्याहूनही वर जातात, पण अगदी टोकाच्या पायऱ्यांवर हीच दोन-चार वर्षे कमी पडतात. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, गेलेला मुलगा ती वर्षे आधीच कमावून बसलेला असतो. पांडे, चौधरी आणि त्या वेळचे नौदलप्रमुख आर. हरिकुमार हे तिघेही एनडीएच्या एकाच, एकसष्टाव्या कोर्सचे. तिन्ही दलांच्या शिखरावर एकाच वेळी एकाच वर्गातले तिघे असणे हा त्या वर्गाच्या गुणांचा जसा पुरावा आहे, तसा एकाच वयात, एकाच दिवशी सुरुवात करण्याचाही आहे.

वय एवढे निर्णायक का असावे, असा प्रश्न रास्त आहे. बँकेत किंवा विद्यापीठात पन्नाशीनंतर माणूस बहरला तर आपण त्याचे स्वागत करतो. पण १९९९ च्या कारगिल युद्धानंतर लष्कराला प्रकर्षाने जाणवले की अठरा हजार फुटांवर चढणाऱ्या जवानांच्या पलटणीचा प्रमुख चाळिशी ओलांडलेला असू नये. अजय विक्रम सिंह समितीचा भर नेतृत्वाचे वय खाली आणण्यावर होता, तो यामुळेच. सैन्य तरुण ठेवायचे तर वरची पदे थोडी आणि निवृत्ती लवकर, हे ओघाने आलेच. त्यामुळे मला ही रचना अन्यायाची वाटत नाही. तिचे नियम ज्यांना वेळेत कळत नाहीत, त्यांच्यावर मात्र अन्याय होतो.

वर्षांची ही शिडी किती कठोर आहे याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा स्त्री अधिकाऱ्यांच्या इतिहासात सापडतो. १९९२ पासून लष्कराच्या वैद्यकीय सेवांबाहेरच्या शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या, पण अल्पमुदतीच्या कमिशनवर. बहुतेक शाखांत ही मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर येऊन थांबली. कर्नलपदाचे मंडळ बसते पंधराव्या-सोळाव्या वर्षी. म्हणजे ज्या पायरीवर निवड सुरू होते, तिच्या एक-दोन वर्षे अलीकडेच त्यांची सेवा संपत होती. त्यांची क्षमता कोणी मोजलीच नाही, कारण मोजण्याची वेळ येण्याआधी त्या बाहेर पडल्या होत्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क देऊन हे बदलले. मग जानेवारी २०२३ मध्ये विशेष मंडळ बसले आणि कर्नलपदाच्या १०८ जागांसाठी २४४ स्त्री अधिकाऱ्यांचा विचार झाला. त्यांत थेट १९९२ च्या तुकडीपर्यंतच्या अधिकारी होत्या. त्यांच्याबरोबरीचे पुरुष तोवर बरेच पुढे गेले होते. त्याउलट वैद्यकीय शाखेत स्त्रियांना कायम कमिशन आधीपासून होते, आणि तिथेच पुनीता अरोरा, पुढे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. एकाच लष्करात एकीकडे वर्षे होती, दुसरीकडे नव्हती. निकाल डोळ्यांपुढे आहे.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप शौर्याचा. वय-बिय सगळे ठीक, पण रणांगणावर जो गाजतो तोच पुढे जातो, अशी आपली समजूत असते. जनरल अरुणकुमार वैद्य हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण. १९६५ च्या युद्धात डेक्कन हॉर्सचे नेतृत्व करताना महावीरचक्र, १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करताना पुन्हा महावीरचक्र, आणि १९८३ मध्ये लष्करप्रमुखपद. पण हा निष्कर्ष सर्वांना लावता येत नाही. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंह भगत यांनी १९४१ मध्ये अ‍ॅबिसिनियात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे पांडे यांच्याच खडकीच्या परंपरेतले. १९७४ मध्ये पुढचे लष्करप्रमुख तेच होतील असे मानले जात होते. पण त्या वेळचे प्रमुख जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि ती संपण्याआधीच भगत यांचे निवृत्तीचे वय आले. व्हिक्टोरिया क्रॉस छातीवर असलेला माणूस दिनदर्शिकेपुढे थांबला, आणि बॉम्बे सॅपर्सना आपला पहिला लष्करप्रमुख पाहायला पुढे अठ्ठेचाळीस वर्षे लागली. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांनी ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत डीएसओ हा सन्मान मिळवला, कोरियात भारतीय दलाचे नेतृत्व केले, चीनकडून येणाऱ्या धोक्याचा इशारा पूर्व कमांडचे प्रमुख असताना दिला. १९६१ मध्ये मावळते लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांची पसंती त्यांना होती. पद मिळाले सेवाज्येष्ठतेत काही महिन्यांनी पुढे असलेल्या थापर यांना. शौर्य माणसाला मान मिळवून देते आणि मंडळापुढे काही गुणही देते, पण शिडीवर तेवढ्याने जागा मिळत नाही.

दुसरा आक्षेप याच उदाहरणांतून निघतो: मग हे सगळे राजकारणच नाही का? थोरातांच्या वेळी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा शब्द चालला, वैद्यांच्या नेमणुकीत त्यांना ज्येष्ठ असलेले एस. के. सिन्हा डावलले गेले, २०१६ मध्ये बिपिन रावत यांच्या वेळी दोन ज्येष्ठ बाजूला राहिले. खरे आहे, सर्वोच्च पदाची निवड सरकार करते आणि तिथे राजकीय पसंतीला वाव असतो. पण ही पसंती चार-पाच माणसांतून होते. त्या चार-पाचांत असणे ही खरी मिळकत आहे, आणि तिथवर येईपर्यंतच्या पायऱ्यांवर मंत्र्याची ओळख फारशी उपयोगी पडत नाही. तिथे चालतो तो गोपनीय अहवाल. दरवर्षी अधिकाऱ्याचा थेट वरिष्ठ, त्याच्या वरचा आणि त्याच्याही वरचा अशा तिघांचे शेरे त्यात येतात. नऊपैकी गुण दिले जातात. २००९ पासून मंडळापुढच्या शंभरांतले पंचाण्णव गुण आकडेवारीने ठरतात, आणि त्यांत मोठा वाटा या अहवालांचाच असतो; मंडळाच्या स्वतःच्या मतासाठी पाचच उरतात. अधिकाऱ्याचे नावही मंडळापुढे येत नाही. आठ-नऊ गुण हीच रीत झालेल्या व्यवस्थेत एखाद्या वर्षी पडलेला सात वीस वर्षांनी भोवतो. म्हणून वर जाणाऱ्यांची खूण एका झळाळत्या प्रसंगात शोधू नये. एकामागून एक वर्षे चोख काम, वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची स्पर्धापरीक्षा, महूचा उच्च नेतृत्व अभ्यासक्रम, कणखर तब्येत आणि प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष तुकडीचे नेतृत्व, यांत ती सापडते. इंग्रजीत मुद्देसूद लिहिण्याची सवयही यात येते, आणि मराठी माध्यमातल्या मुलाने तिची भीती न बाळगता ती सोळाव्या वर्षापासून लावून घ्यावी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. तो म्हणतो, घरचे वळण असेल तरच हे जमते. बेवूर यांचे वडील आयसीएस अधिकारी होते, नरवणे यांचे वडील हवाई दलात, पांडे यांचे वडील नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक. दोन्ही ‘मनोज’ जनरलांच्या आई आकाशवाणीवर काम करत होत्या, हाही एक गमतीदार योगायोग. सुशिक्षित, शहरी घर हा धागा उघडच आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंट अकादमीच्या १९५० च्या तुकडीचा अभ्यास करताना अ‍ॅलन मझूर आणि उलरिख म्युलर यांना तर असे आढळले की कॅडेटच्या छायाचित्रातला करारी, हुकमी चेहरा आणि त्याने पुढे गाठलेले पद यांच्यात संबंध आहे. मधल्या पायऱ्यांवर तो दिसेनासा होतो आणि अगदी वरच्या पदांवर पुन्हा दिसतो. चेहरा आणि घराणे हातात नसते. मग केशोरीच्या मुलाने काय करावे? मला वाटते इथे घराण्याचा खरा हातभार कशात असतो ते नीट पाहायला हवे. घराणे गोपनीय अहवालात गुण देत नाही. ते देते माहिती: एनडीएचा अर्ज कधी भरायचा, अकरावीला गणित का सोडायचे नाही, अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाचे, म्हणजे एसएसबीचे, पाच दिवस कसे असतात. ही माहिती शाळाही देऊ शकते. २०२४ मध्ये लष्करप्रमुख झालेले उपेंद्र द्विवेदी आणि त्याच वर्षी नौदलप्रमुख झालेले दिनेश त्रिपाठी हे दोघे मध्य प्रदेशातल्या रीवाच्या सैनिकी शाळेत एका वर्गात होते. त्याआधीचे जनरल दलबीर सिंह सुहाग हरियाणातल्या खेड्यातले, सुभेदार मेजरचे चिरंजीव; ते चित्तोडगडच्या सैनिकी शाळेतून एनडीएत गेले. घरातून मिळाले नाही ते वसतिगृहाने दिले, आणि वेळेवर दिले.

महाराष्ट्राने जवान अमाप दिले. मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा १७६८ पासूनची. विदर्भातल्या कितीतरी घरांचे नाते १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटशी आहे. त्या महार रेजिमेंटने देशाला दोन लष्करप्रमुख दिले, कृष्णा राव आणि सुंदरजी. एक आंध्रचे, दुसरे तमिळनाडूचे. रेजिमेंटला त्यांचा अभिमान आहे आणि असावा. पण जवान आपल्या गावचे आणि अधिकारी दूरच्या शहरातले, ही विभागणी गुणांची आहे असे मानायला मी तयार नाही. जवानाला अधिकारी होण्याची वाट आहे. डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून निवडक जवान कमिशन मिळवतात. पण तिथे प्रवेशाचे वयच वीस ते सत्तावीस, पुढे चार वर्षांचे शिक्षण. अधिकारी होईपर्यंत माणूस पंचविशी-तिशीत पोहोचतो, आणि वरची बेरीज त्याच्या विरुद्ध उभी राहते. तोच मुलगा सतराव्या वर्षी भरतीच्या रांगेऐवजी एनडीएच्या परीक्षेला बसला असता तर?

केशोरी परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. धान आणि मिरचीची शेती, इटियाडोहचे पाणी, चहूबाजूंनी जंगल आणि पलीकडे गडचिरोलीची सीमा असा हा मुलूख. नक्षलवादाच्या सावलीत त्याने बरीच वर्षे काढली. वर्दी इथे अनोळखी नाही. पण वर्दी म्हटले की डोळ्यापुढे पोलीस भरती, राज्य राखीव दल, आता अग्निवीर येते, म्हणजे धावणे, छाती, उंची. एनडीएची लेखी परीक्षा नऊशे गुणांची, त्यात तीनशे गणिताचे आणि दोनशे इंग्रजीचे. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत, मराठीत नाही. पुढे एसएसबीचे आणखी नऊशे गुण. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलाला हे दार नियमाने उघडे असूनही व्यवहारात बंद होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. भरतीसाठी मैदानावर घाम गाळणाऱ्या बारावीच्या मुलाला हे कळते तेव्हा त्याच्यापुढे एखादी-दुसरीच संधी उरलेली असते.

यावर एक मत असे ऐकू येते की गरीब घरच्या मुलाला आज नोकरी हवी, चाळीस वर्षांनंतरचे जनरलपद घेऊन काय करायचे? जवान म्हणून केलेली सेवा काय कमी मोलाची? मुळीच नाही, आणि ज्या घराला या वर्षी पगार हवा आहे त्याला उपदेश करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण एनडीएचे शिक्षण सरकारी खर्चाने होते आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी अधिकाऱ्याचा पगार सुरू होतो. घरासाठीही हा हिशेब तोट्याचा नाही. शिवाय वाटा राज्याने आधीच बांधून ठेवल्या आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून आहे, देशातली पहिली. चंद्रपूरची २०१९ पासून, आणि अर्जुनी मोरगावहून तिकडे जाणारी गोंदिया-बल्लारशा रेल्वेही आहे. सहावीच्या प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, नववीची मात्र इंग्रजीतच. म्हणजे मराठी शाळेतल्या मुलाची सोपी संधी दहा-बारा वर्षांच्या वयात येऊन जाते. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मराठी मुले अधिकारीपदावर कमी दिसतात म्हणूनच राज्य सरकारने ती १९७७ मध्ये काढली. अकरावी-बारावी तिथे एनडीएच्या तयारीसह होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी तिथून उत्तीर्ण झाल्या. नवेगावबांधचे नवोदय विद्यालय, केशोरी आणि आसपासच्या आश्रमशाळा, जिल्हा परिषदेच्या शाळा यांनी पाचवीत सैनिकी शाळेचा, दहावीत सेवापूर्व संस्थेचा आणि बारावीत एनडीएचा असे तीन अर्ज दरवर्षी निदान पाच-दहा मुलामुलींकडून भरून घ्यावेत, आणि तालुक्यात एका तरी कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेच्या मुलांना गणित घेण्याची सोय असावी. एवढे काम एका उत्साही शिक्षकाच्या आणि एका जागरूक गटशिक्षणाधिकाऱ्याच्या आवाक्यातले आहे, आणि त्याला कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.